झडपेची पाठ

सकाळी चावी फिरवली की गाडी अर्धा मिनिट थरथरायची,
मग गप्प.
मी म्हणायचे, चालते आहे ना.
घर ते दवाखाना सव्वा किलोमीटर,
दवाखाना ते घर तेवढंच.
टर्बो असल्याचं फक्त मागच्या पत्र्यावर लिहिलेलं.
मग एकदा एरंडोलच्या रस्त्यावर
मिरच्यांचा टेम्पो मला हॉर्न देत पुढे गेला
आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवूनही
मी त्याच्या ताडपत्रीकडे बघत राहिले.

धरणगावात, चोपडा रस्त्याला,
उस्मान पिंजारीनं मॅनिफोल्ड उतरवलं.
नटबोल्ट स्टीलच्या ताटात मांडले,
निघाले त्याच क्रमानं,
आणि वायरीच्या टोकाला दिवा असलेला
एक बारीक कॅमेरा आत सोडला.
मला हसू आलं.
असला कॅमेरा मी रोज कुणाच्या तरी घशात सोडते
आणि म्हणते, घाबरू नका, आ करा.
आज बाकावर मी बसले होते,
पर्स मांडीवर घट्ट धरून.

मोबाइलवर काळं दिसलं.
कढईचं बूड निदान गुळगुळीत असतं.
हे भेगाळलेलं, फुगलेलं,
झडपेच्या दांडीला धरून वर चढत गेलेलं.
चाळीस हजार किलोमीटरांत
एकाही दिव्यानं सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, पेट्रोल भेसळीचं होतं?
"पेट्रोलनी काय चूक, डाक्टरीनबाई?
झडपले पेट्रोल दिसतच नही."
हात पुसत तो समजावत राहिला.
जुन्या गाडीत पेट्रोल झडपेच्या पाठीवर पडायचं,
आत जाता जाता तिला आंघोळ घालून जायचं.
आता ते थेट सिलिंडरात फवारतं.
झडपेच्या वाट्याला नुसता वारा,
त्या वाऱ्यात इंजिनच्या पोटातली तेलकट वाफ.
ती बसते, करपते, तिच्यावर पुन्हा बसते.
मी मान डोलावली.
वहीत लिहून घ्यावंसं वाटलं, घेतलं नाही.

हातानं इंजिन फिरवून त्यानं एकेक झडप बंद केली,
मग नळीतून अक्रोडाच्या कवचाचा भुगा मारला.
आधी म्हणे शेंगांची टरफलं वापरून पाहिली,
गावात फुकट मिळतात.
मऊ पडली.
वाळू पितळेला खाते.
अक्रोड तेवढा नेमका,
काजळी सुटते, धातू राहतो.
कंप्रेसरच्या आवाजात हे सगळं ओरडून.

भिंतीवर, फॅनबेल्टांच्या गुंतवळ्यात,
त्याच्या आजोबांची कापूस पिंजायची कमान.
तात कधीची तुटलेली.
"दादा खोकीखोकी गया," तो म्हणाला,
आणि स्वतः खोकला.
कोरडा, तीनदा, एकाच पट्टीत.
माझे कान त्या खोकल्यावरच थांबले.

कधीपासून आहे?
"काय? हाई? काहीच नही. काम चालू शे ना."
तोंडावर रुमालसुद्धा नव्हता.
भुवयांवर अक्रोडाची तपकिरी पूड.
सोमवारी दवाखान्यात ये, मी म्हटलं.
त्यानं हो म्हटलं,
मीही गाडीला दोन वर्षं असंच हो म्हणत होते.

बिलातले पाचशे त्यानं सोडले,
वर सांगितलं, आठवड्यातून एकदा लांब पळवा,
इंजिन तापू द्या.
त्यानं धुतलं जाणार नाही, बसायला उशीर लागेल फक्त.
पुन्हा कधी आणू?
"वीस हजारनंतर."
माझ्या रोजच्या अडीच किलोमीटरनं ती बावीस वर्षं होतात.
हिशेब ऐकून तो हसला आणि पुन्हा खोकला.

सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही.
बुधवारी मी मास्कचा डबा घेऊन गेले,
तो दुसऱ्या कुणाच्या इंजिनात खांद्यापर्यंत शिरलेला.
"ठी द्या तथा," आतूनच म्हणाला.
मी डबा कमानीच्या खिळ्याला अडकवला
आणि गाडी चोपड्याकडे वळवली, उगाच,
तिसऱ्या गिअरमध्ये, काटा चार हजारांवर,
कापसाच्या ट्रॉल्या एकेक मागे टाकत.